न उघडणारी फाईल

इ. स. १०८६ मध्यें इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याच्या आज्ञेवरून त्या देशांतील जमिनी, नांगर, गिरण्या आणि कुळें यांची एक प्रचंड मोजदाद करण्यांत आली. कमावलेल्या कातड्याच्या पानांवर शाईनें उतरविलेली ती मोजदाद पुढें डूम्सडे बुक या नांवानें प्रसिद्धीस आली. तिला नऊशें वर्षें पूर्ण होत असतां, १९८६ सालीं, बी. बी. सी. या संस्थेनें तशीच एक नवी मोजदाद सिद्ध केली. शाळाशाळांतील मुलांसह दहा लाखांहून अधिक लोकांचा हातभार तिला लागला. गांवोगांवचीं वर्णनें, नकाशे आणि छायाचित्रें लेझर-तबकड्यांवर सांठविण्यांत आलीं. परंतु पुरतीं वीस वर्षें लोटण्यापूर्वींच त्या तबकड्या वाचणारीं यंत्रें इतकीं दुर्मिळ झालीं कीं, नऊशें वर्षांपूर्वींचा ग्रंथ वाचतां येतो आणि कालपरवांचा वाचण्याची मात्र पंचाईत, असा विलक्षण देखावा जगास दिसला.

सुदैवानें गोष्ट तेथेंच संपली नाहीं. लीड्स आणि मिशिगन या दोन विद्यापीठांतील संशोधकांनीं नव्या संगणकाकडून जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करविली आणि २००२ सालीं त्या तबकड्यांवरील मजकूर पुन्हां डोळ्यांपुढें आणला. २०११ सालीं बी. बी. सी. नें त्यांतील गांवोगांवची माहिती इंटरनेटवर सर्वांस खुली केली. या कथेचा बोध लहानसा, पण मोलाचा आहे. माहिती नष्ट झालेली नव्हती. तिचा वाचक तेवढा नाहींसा होत चालला होता.

असेच प्रसंग लहान प्रमाणांत आज घरोघरीं घडतात. वडिलांनीं निवृत्तीनंतर टंकून ठेवलेल्या आठवणी, मुलीच्या लग्नांतील छायाचित्रें, घराच्या खरेदीखताची प्रत, आजीच्या आवाजांतील ओव्यांचें ध्वनिमुद्रण, हें सारें आतां कपाटांतून निघून संगणकांत, पेन-ड्राइव्हवर आणि मोबाईलमध्यें जाऊन बसलें आहे. एके दिवशीं त्यांपैकीं एखादी वस्तु पाहण्याची गरज पडते; तिच्या नांवावर बोट टेकविलें जातें; आणि पडद्यावर उत्तर येतें कीं, ही फाईल उघडतां येत नाहीं. मग घरांत एकतर निराशा पसरते, नाहींतर धांदल उडते. निराशेच्या भरांत ती फाईल निकामी समजून पुसून टाकली जाते. धांदलीच्या भरांत मिळेल त्या साधनानें तिची डागडुजी सुरू होते. दोहोंचा परिणाम बहुधा एकच होतो. अडलेली फाईल अडली म्हणून गमावली जात नाहीं. अडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासांत मालकाच्याच हातून ती गमावली जाते, असें पुष्कळदां घडतें.

या विषयाचें मर्म समजून घेण्यास महाराष्ट्रांतील माणसास फार दूर जावें लागत नाहीं. जुन्या वाड्याच्या माळ्यावर मोडी कागदांचा एखादा रुमाल सांपडतो. रुमालाची गांठ सोडणें ही एक गोष्ट, आणि आंतील कागद वाचणें ही अगदीं निराळी गोष्ट. मोडी न येणाऱ्यास तो कागद निरर्थक भासतो. परंतु म्हणून कोणी सुज्ञ मनुष्य तो चुलींत घालीत नाहीं, तर मोडी-वाचकाचा शोध करतो. संगणकाची फाईल हा असाच एक रुमाल होय. तिच्या पोटांत ० पासून २५५ पर्यंतच्या आंकड्यांची एक लांबच लांब ओळ असते. एकेका आंकड्यास बाईट म्हणतात. छायाचित्र असो, गाणें असो वा मृत्युपत्र असो, संगणकाच्या लेखीं सर्व आंकडेच. त्यांचा अर्थ लावणें हें त्या त्या प्रोग्रॅमचें काम. एवढें ध्यानांत आलें म्हणजे फाईल न उघडण्याचीं कारणेंहि आपोआप उलगडतात. आंकड्यांची ओळ अपुरी असेल; तिच्यावरील नांव खोटें असेल; ती वाचणारा प्रोग्रॅम जवळ नसेल; लिपि निराळी असेल; तिला कुलूप घातलेलें असेल; किंवा ज्या पेटींत ती ठेविली ती पेटीच मोडकळीस आली असेल. वैद्य जसा आधीं निदान करतो आणि मग औषध देतो, तसाच क्रम येथेंहि पाळावा लागतो.

निदानापूर्वींचा एक नियम मात्र कधींहि मोडूं नये. मूळ फायलीस हात लावण्यापूर्वीं तिची एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं करून घ्यावी, आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावे. या नियमाचें मोल अमेरिकेंतील एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. अँडी वॉरहॉल या प्रसिद्ध चित्रकारानें १९८५ सालीं कमोडोर कंपनीच्या अमिगा नांवाच्या संगणकावर कांहीं चित्रें काढलीं होतीं. १९८७ सालीं तो वारला, आणि त्याच्या फ्लॉपी-तबकड्या पिट्सबर्ग येथील त्याच्याच नांवाच्या संग्रहालयांत पडून राहिल्या. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक-मंडळानें त्या वाचण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां त्यांनीं एकहि तबकडी थेट उघडून पाहण्याचा मोह धरला नाहीं. तबकडीवर कांहींहि न लिहितां तिच्यावरील चुंबकीय खुणा तेवढ्या टिपून घेणाऱ्या एका उपकरणानें त्यांनीं प्रथम प्रती केल्या. पुढें असें दिसून आलें कीं, चित्रांच्या फायलींची घडण कोणत्याहि चालू प्रोग्रॅमला ओळखीची नव्हती. तेव्हां त्या मंडळानें आंकड्यांचा अभ्यास करून ती घडण उलगडली. २०१४ सालीं तीं चित्रें जगापुढें आलीं. जवळजवळ तीस वर्षें न वाचलेल्या तबकड्यांतून चित्रें निघालीं, याचें श्रेय बुद्धीइतकेंच संयमासहि द्यावें लागेल.

प्रत करून झाली म्हणजे दोन साध्या कसोट्या घ्याव्या. त्याच जातीची दुसरी एखादी फाईल त्याच संगणकावर उघडते काय, ही पहिली कसोटी. हीच अडलेली फाईल दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाईलवर उघडते काय, ही दुसरी. पहिल्या कसोटींत दुसरी फाईलहि अडली, तर दोष प्रोग्रॅमचा समजावा. संगणक एकदां बंद करून पुन्हां सुरू करणें, किंवा तो प्रोग्रॅम काढून नव्यानें घालणें एवढ्यानें काम भागण्याचा संभव असतो. दुसऱ्या कसोटींत फाईल अन्यत्र सुरळीत उघडली, तर ती निर्दोष आहे हें सिद्धच झालें. दोन्ही ठिकाणीं ती अडली तरच दोष तिच्या अंगीं असण्याचा संशय घ्यावा. या दोन कसोट्यांस पांच मिनिटें लागतात, आणि त्यांमुळें कित्येक तासांचा मनस्ताप वांचतो.

संशय पक्का झाला म्हणजे प्रथम फायलीचें आकारमान पाहावें. तें शून्य असेल, तर रुमाल रिकामा आहे. तेथें कोणत्याहि डागडुजीचा उपयोग नाहीं, ती फाईल जेथून आली तेथूनच पुन्हां आणली पाहिजे. आकारमान शून्य नसून अपेक्षेपेक्षां फारच कमी असेल, तर फाईल वाटेंत तुटली असावी. इंटरनेटवरून उतरवून घेतांना मध्येंच संबंध तुटतो. किंवा पेन-ड्राइव्हवर लेखन चालू असतांनाच कोणी तो उपटून काढतो. संगणक पुष्कळदां लेखन पुरें झाल्याचें आधीं सांगतो आणि उरलेला भाग मागाहून सावकाश उतरवितो. म्हणूनच पेन-ड्राइव्ह काढण्यापूर्वीं तो सुरक्षितपणें वेगळा करण्याची आज्ञा देण्याचा प्रघात आहे. कधीं कधीं तर संगणकावर दिसणारी वस्तु ही फाईल नसून दूरच्या सांठवणींतील फायलीकडे बोट दाखविणारी केवळ चिठ्ठी असते. अशी चिठ्ठी पेन-ड्राइव्हवर घालून दुसऱ्या गांवीं नेली, तर तेथें कांहींच उघडणार नाहीं, हें उघड आहे.

तुटलेल्या फायलीविषयीं एक गोष्ट पुष्कळांस चमत्कारिक वाटते. शंभर पृष्ठांतून शेवटचें एकच पृष्ठ गळालें तर नव्व्याण्णव पृष्ठें वाचतां यावीं, असें साध्या व्यवहारावरून वाटतें. पण संगणक मात्र सबंध फाईलच नाकारतो. याचें कारण असें कीं, कित्येक जातींच्या फायलींत विषयानुक्रम आरंभीं नसून शेवटीं असतो. १९८९ मध्यें फिल कॅट्झ यानें प्रसृत केलेल्या झिप या गांठोड्याची रचना अशीच आहे. पीडीएफ फायलीचीहि साधारणतः तशीच. मोबाईलवर घेतलेल्या चलच्चित्रांतहि अनुक्रम बहुधा अखेरीस लिहिला जातो. म्हणून मुद्रण चालू असतांना बॅटरी संपली, तर तासाभराचें चित्र आंत असूनहि तें उघडत नाहीं. अनुक्रम हरवला, पण पृष्ठें शिल्लक आहेत, अशी ही अवस्था होय. उरलेल्या पृष्ठांवरून नवा अनुक्रम बांधणारे प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. वर्डमध्यें फाईल दुरुस्त करून उघडण्याची सोय आहे. लिबर-ऑफिस हा विनामूल्य प्रोग्रॅमहि वर्डनें नाकारलेली फाईल कधीं कधीं उघडून दाखवितो. इंटरनेटवरील अनोळखी ‘दुरुस्ती-केंद्रां’कडे मात्र खरेदीखत किंवा बँकेचे कागद पाठविण्यापूर्वीं दहादां विचार करावा. रस्त्यावरच्या अपरिचित माणसाच्या हातीं तिजोरीची किल्ली कोणी देत नाहीं.

आकारमान ठीक असेल, तर नांवाकडे वळावें. फायलीच्या नांवाच्या अखेरीस टिंबानंतर तीन-चार रोमन अक्षरें असतात. त्यांवरून कोणता प्रोग्रॅम बोलवावा हें संगणक ठरवितो. विंडोजच्या नेहमींच्या मांडणींत हीं अक्षरें झांकलेलीं असतात, त्यामुळें घोटाळा लवकर ध्यानांत येत नाहीं. तीं अक्षरें बदललीं म्हणजे फायलीची जात बदलते, असा एक समज रूढ आहे. पण डब्यावरील चिठ्ठी बदलून आंतल्या तांदुळाची डाळ होत नाहीं. खरी जात ओळखावयाची तर फायलीच्या आरंभींचीं अक्षरें पाहावीं. नोटपॅडसारख्या साध्या प्रोग्रॅममध्यें प्रत उघडावी, आरंभ पाहावा, आणि कांहींहि न सांठवितां ती बंद करावी. पीडीएफ फायलीच्या आरंभीं टक्क्याच्या चिन्हामागून ‘पीडीएफ’ हींच अक्षरें रोमन लिपींत दिसतात. झिपच्या आरंभीं कॅट्झच्या नांवाचीं ‘पी’ आणि ‘के’ हीं आद्याक्षरें असतात. आणि २००७ नंतरच्या वर्ड व एक्सेलच्या नव्या घडणीच्या फायली आंतून झिपच असल्यानें त्यांच्याहि आरंभीं हींच दोन अक्षरें येतात. जेपीजी छायाचित्राचे पहिले तीन आंकडे २५५, २१६ व २५५ असे असतात. पीडीएफ म्हणून उतरवून घेतलेल्या फायलीच्या आरंभीं कोनी कंस आणि ‘एचटीएमएल’ हीं अक्षरें दिसलीं, तर समजावें कीं कागदाऐवजीं एखादें वेब-पान, बहुधा प्रवेशाचें नांव व परवलीचा शब्द विचारणारें, हातीं आलें आहे. अशा वेळीं त्या संकेतस्थळावर रीतसर प्रवेश करून कागद पुन्हां मागावा. नांवाच्या अखेरीस ‘पीडीएफ’ आणि त्यानंतर पुन्हां ‘ईएक्सई’ असें दुहेरी शेपूट दिसलें, तर ती फाईल उघडण्याचा यत्नच करूं नये. तो कागदाच्या वेषांत आलेला प्रोग्रॅम असतो, आणि अशा सोंगाचा हेतु क्वचितच चांगला असतो.

नांव खरें, आकारमान पुरें, तरीहि फाईल उघडत नाहीं, असें झालें तर वाचकाचा शोध करावा. २०१७ सालीं ॲपल कंपनीनें आयफोनवरील छायाचित्रें एचईआयसी या नव्या घडणींत सांठविण्यास आरंभ केला. जागा कमी लागते हा त्याचा लाभ; परंतु जुन्या संगणकांस ती घडण ठाऊक नसल्यानें परदेशीं असलेल्या मुलानें पाठविलेलीं नातवंडांचीं छायाचित्रें पुण्या-मुंबईच्या घरांत उघडेनात, असा अनुभव पुष्कळांस आला. तेथें छायाचित्रांस कांहीं झालेलें नव्हतें. पाठविणाऱ्यानें कॅमेऱ्याच्या मांडणींत सर्वत्र चालणारी घडण निवडली, किंवा घेणाऱ्यानें ती नवी घडण वाचणारी जोड संगणकावर घातली, कीं काम होतें. याच्या उलट टोंकास पेजमेकर आहे. महाराष्ट्रांतील असंख्य पुस्तकें, दिवाळी अंक आणि लग्नपत्रिका एके काळीं याच प्रोग्रॅमवर जुळविल्या जात. त्याची सातवी आवृत्ति २००१ सालीं निघाली, आणि तीच शेवटची ठरली. त्याच कंपनीच्या इनडिझाइनच्या जुन्या आवृत्त्या पेजमेकरच्या अखेरच्या आवृत्त्यांतील फायली उघडीत. पुढील आवृत्त्यांनीं ती सोय सोडून दिली. म्हणून ज्या छापखान्यांत किंवा लेखकाच्या घरीं असा संग्रह असेल, तेथें जुना संगणक भंगारांत देण्यापूर्वीं त्या फायलींची पीडीएफ करून घ्यावी. जुना संगणक हा येथें त्या मोडी-वाचकाच्या ठिकाणीं आहे.

मराठी घरांस सर्वांत अधिक छळणारा प्रकार याहून वेगळा आहे. त्यांत फाईल उघडते, पण वाचतां येत नाहीं. पडद्यावर मराठी शब्दांच्या जागीं भलतीच चिन्हें दिसतात. या चिन्हांचे चार प्रकार ओळखतां आले, तर निम्मी चिंता दूर होईल. रिकामे चौकोन दिसत असतील, तर मजकूर सुरक्षित आहे; त्या संगणकावर देवनागरीचा फॉन्ट तेवढा नाहीं. डोक्यावर तिरकी रेघ असलेलें रोमन ‘ए’ हें अक्षर जागोजाग पुनःपुनः येत असेल, तरीहि मजकूर सुरक्षित आहे. तो युनिकोडमध्यें असून संगणक त्यास पाश्चात्य लिपि समजून वाचीत आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रीतींत देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हास तीन बाईट लागतात, आणि त्यांतील पहिला नेहमीं एकच असतो. तेंच हें शेपटीसारखें मागें लागणारें अक्षर. फाईल उघडतांना यूटीएफ-८ ही रीत निवडली कीं शुद्ध मराठी समोर येते. एक्सेलमध्यें सभासदांच्या याद्या उघडतांना हा प्रसंग वारंवार येतो. तिसरा प्रकार साध्या रोमन अक्षरांच्या व विरामचिन्हांच्या खिचडीचा. त्याचा विचार पुढें येईल. चौथा प्रकार ओळीनें प्रश्नचिन्हांचा, आणि तोच खरोखर भयंकर. ज्या रीतींत देवनागरीस जागाच नाहीं, अशा रीतींत मजकूर सांठविला गेला म्हणजे प्रत्येक अक्षराच्या जागीं एक प्रश्नचिन्ह बसतें. त्या प्रतींत मूळ अक्षरें उरलेलीं नसतात. जुनी प्रत शोधणें हाच उपाय.

आतां त्या खिचडीविषयीं. १९९१ सालीं भारतीय मानक म्हणून इस्की ही अक्षर-संकेताची पद्धति ठरली, आणि त्याच वर्षीं देवनागरीस स्वतंत्र स्थान देणारी युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. परंतु छपाईच्या व्यवहारांत पुढें कित्येक वर्षें निराळीच रीत चालली. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेचें आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक कंपनीची श्री-लिपि, आणि अशींच दुसरीं साधनें यांच्यासह जे फॉन्ट घरोघरीं पोंचले, त्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे काने, मात्रा, अर्धीं अक्षरें बसविलेलीं असत, आणि प्रत्येक घराण्याची बैठक वेगळी. फायलींत खरोखर नोंद असे ती रोमन अक्षरांची. मराठी रूप देई तो फॉन्ट. फॉन्ट गेला कीं मजकूर उघडा पडतो आणि अर्थहीन दिसतो. वडिलांच्या आठवणींची फाईल ‘बिघडली’ म्हणून पुसून टाकली जाते ती बहुधा येथेंच.

यावर उपाय आहे, आणि तो कठीणहि नाहीं. वर्डच्या फायलींत मजकुरावर खूण केली असतां फॉन्टच्या चौकटींत त्याचें नांव दिसतें. फॉन्ट संगणकावर नसला तरी नांव फायलींत टिकून राहतें. तें नांव कागदावर उतरवून घ्यावें. तो फॉन्ट मिळाला तर मजकूर लागलीच वाचतां येतो. न मिळाल्यास त्याच घराण्यासाठीं तयार केलेल्या परिवर्तकानें मजकूर युनिकोडमध्यें आणतां येतो. दुसऱ्या घराण्याचा परिवर्तक वापरला तर मात्र एका खिचडीची दुसरी खिचडी होते. परिवर्तन झाल्यावर पहिला ऱ्हस्व, रफार, ‘ऱ्य’ व ‘ऱ्ह’ यांतील अर्धा र आणि विरळ जोडाक्षरें हीं स्थळें डोळ्यांनीं तपासावीं, कारण यंत्राची चूक तेथेंच दडते. मूळ फाईल तशीच ठेवावी. साध्या मजकुराच्या फायलींत फॉन्टचें नांव नसतें. तेथें ज्यानें तें टंकन केलें त्यास, किंवा ज्या छापखान्यांत तें झालें तेथें, विचारणें हाच राजमार्ग. विचारण्यासारखीं माणसें हयात आहेत तोंवर हें काम उरकणें शहाणपणाचें होय.

पांचवें कारण कुलुपाचें. बँकेनें किंवा विमा-कंपनीनें पाठविलेले कागद परवलीच्या शब्दानें बंद केलेले असतात, आणि तो शब्द कसा बनवावा हें बहुधा त्याच पत्रांत लिहिलेलें असतें. तें न वाचतांच फाईल बिघडली असा निष्कर्ष काढला जातो. परंतु स्वतःच घातलेल्या भक्कम कुलपाचा शब्द विसरला गेला, तर तेथें कोणाचाहि इलाज चालत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. घरांतील कर्ता पुरुष अकस्मात् गेल्यानंतर ज्या फायली उघडत नाहींत, त्या पुष्कळदां अशाच असतात. म्हणून असे शब्द कागदावर लिहून, पाकिटांत बंद करून, मृत्युपत्राशेजारीं ठेवणें हें प्रत्येक गृहस्थाचें कर्तव्य होय. दुसरें कुलूप दरोडेखोराचें. १२ मे २०१७ या दिवशीं वॉनाक्राय नांवाच्या दुष्ट प्रोग्रॅमनें दीडशें किंवा त्याहून अधिक देशांतील संगणकांवर फायलींस कुलुपें घातलीं आणि खंडणी मागितली; ब्रिटनमधील सार्वजनिक रुग्णालयांचें कामहि त्यानें विस्कळित झालें. ज्या छिद्रांतून तो घरांत शिरला तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें दोन महिने आधींच प्रसिद्ध केली होती. ज्यांनीं ती घेतली नाहीं त्यांस अधिक फटका बसला. अनेक फायलींच्या नांवांस एकाच वेळीं अनोळखी शेपूट चिकटलेलें दिसलें, तर संगणकाचा इंटरनेटशीं व इतर यंत्रांशीं संबंध तत्काळ तोडावा, बाहेरची तबकडी जोडूं नये, आणि जाणत्या माणसास बोलवावें. अशा कांहीं कुलुपांच्या किल्ल्या युरोपांतील पोलिस-संस्थांनीं २०१६ पासून ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमांतून विनामूल्य उपलब्ध केल्या आहेत. म्हणून बंद झालेल्या फायलीहि पुसून टाकूं नयेत.

राहतां राहिली पेटी. तबकडी टकटक आवाज करूं लागली, किंवा पूर्वीं क्षणांत उघडणारी फाईल मिनिटें घेऊं लागली, तर तिजवर आणखी एकहि प्रयोग करणें धोक्याचें असतें. आवाज येत असेल तर वीज बंद करून ती तज्ज्ञाकडे द्यावी. पुसून टाकलेली फाईल जुन्या फिरत्या तबकडीवरून लगेच जात नाहीं. अनुक्रमांतून नांव खोडलें जातें आणि आंकडे नव्या लेखनाची वाट पाहत पडून राहतात. म्हणून शोध घेणारा प्रोग्रॅम त्याच तबकडीवर घालणें म्हणजे ज्या मातींत दागिना पुरला आहे तेथेंच पाया खणून भिंत बांधणें होय. नव्या एसएसडी पेट्यांत तर रिकामी ठरलेली जागा यंत्र स्वतःच लौकर साफ करतें. तेथें शोधाची आशा फार थोडी.

या सर्वांवरून गृहस्थाश्रमास उपयोगी अशा चार गोष्टी निघतात. मोलाच्या फायलीच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकीं एक घराबाहेर असावी. मूळ फायलीबरोबर सर्वत्र वाचतां येईल अशी एक साधी प्रत ठेवावी: लेखांची पीडीएफ, छायाचित्रांची जेपीजी, मराठी मजकुराची युनिकोडमधील. फाईल कोणत्या प्रोग्रॅमवर व कोणत्या फॉन्टमध्यें केली हें शेजारीं लिहून ठेवावें. आणि वर्षांतून एकदां ती उघडून पाहावी; कारण जी फाईल कोणी उघडीतच नाहीं, तिचा वाचक केव्हां नाहींसा झाला हें कळण्यास मार्ग उरत नाहीं. दसऱ्यास पोथ्या आणि हत्यारें बाहेर काढून, पुसून, पाटावर मांडण्याची चाल अजून मराठी घरांत आहे. त्या दिवशीं घरांतील फायलींचा रुमालहि एकदां सोडला जावा, आणि आंतले चार कागद पुढच्या पिढीस मोठ्यानें वाचून दाखविले जावे.